सोसायटीच्या आंब्यावरची आमरी : मुंबईतल्या रानऑर्किडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण बोरिवली, येऊर आणि आरेच्या कडेकडेनं लोकांना रान दाखवत फिरतो. आमची संस्था वगैरे काही नाही. चिखलात पाय घालायची तयारी आणि झाडांची थोडीफार ओळख, एवढंच भांडवल. प्रश्न मात्र तेच ते येतात, कधी पायवाटेवर, कधी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर. म्हणून एकदाच लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं मला बोलायचंच होतं. काही दोन ओळींत आटोपली आहेत.

मुंबईत रानऑर्किड? खरंच?

खरंच. ऑर्किड म्हटलं की लग्नाच्या स्टेजवरची जांभळी काडी नाहीतर सिक्कीमचं धुकं डोळ्यांपुढे येतं, म्हणून विश्वास बसत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागानं २०१९ मध्ये देशातल्या ऑर्किडांची यादी छापली, तिच्यात १,२५६ जाती आहेत. मुंबईच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान शहराच्या कुशीतच आहे, त्याला लागून आरे, पलीकडे येऊर, खाडी ओलांडली की तुंगारेश्वर. हा सगळा सह्याद्रीचाच पायथा. ऑर्किडांनी इथं नसावं असं काही कारण नाही.

मराठीत यांना आमरी म्हणतात. ढोबळमानानं दोन प्रकार. एक झाडावर राहणारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या काड्यांवर पांढरी फुलं धरणारं डेंड्रोबियम बार्बाट्युलम, उन्हाळ्याच्या शेवटी फुलणारी तपकिरी जाळीच्या पाकळ्यांची व्हँडा टेसेलाटा, आणि मे-जूनमध्ये फांदीवरून हातभर लोंबणारी सीतेची वेणी. सीतेची वेणी हे नाव आपल्याकडे रिंकोस्टायलिस रेटुसा आणि एरिडिस मॅक्युलोसा या दोघींनाही देतात, त्यावरून दर वर्षी आमच्यात एक भांडण ठरलेलं. दुसरा प्रकार जमिनीतला. पहिला पाऊस पडला की कंदातून वर येणारी हॅबेनारिया, म्हणजे हबे आमरी. तशीच नर्व्हिलिया. तिचं फूल आधी येतं आणि पान मागाहून, त्यामुळे फूल आणि पान एकाच झाडाचं आहे हे पुष्कळांना पटतच नाही.

एक खुलासा. सांतापाऊ आणि कापडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे १९६६ चं पुस्तक कुणीतरी पुढे करतं आणि म्हणतं, बघा, मुंबईत इतक्या जाती होत्या, सगळ्या गेल्या! त्या नावातलं ‘बॉम्बे’ हे शहर नव्हे, जुना मुंबई प्रांत आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीची आमरी मालाडमध्ये शोधून ती नामशेष झाली म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

आमरी म्हणजे बांडगूळच ना? झाड वाचवायचं तर ती काढलेलीच बरी.

हा गैरसमज मुंबईतल्या आमरीला कुऱ्हाडीइतकाच नडलाय. बांडगूळ परजीवी आहे. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांदीला पुसतो, ती रुजते, मुळं फांदीच्या आत घुसतात आणि झाडाचा रस ओढतात. चिकटलेल्या जागी गाठ येते, पुढची फांदी खंगते. आंबेवाले बांडगूळ छाटतात ते बरोबरच करतात.

आमरी झाडाचा फक्त आधार घेते. तिची पांढुरकी, दोरीसारखी मुळं सालीवरून सरपटतात, आत घुसत नाहीत. मुळांभोवती स्पंजासारखं आवरण असतं, ते पावसाचं आणि हवेतलं पाणी टिपून घेतं. विश्वास बसत नसेल तर मुळावर थोडं पाणी शिंपडून बघा, पांढरं मूळ बघता बघता हिरवं दिसू लागतं. अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते. भाडं देत नाही म्हणाल तर देत नाही, पण घरमालकाच्या डब्यातलंही काही खात नाही.

पाड्यांतल्या लोकांना ऑर्किड म्हणजे काय हेच माहीत नसतं. मग ते वाचवणार कसं?

मीही आधी असंच समजत होते. पहिल्या वर्षी फोटोंना लॅमिनेशन करून घेतलं आणि गोरेगावकडच्या एका पाड्यात घरोघर फिरले. ‘मावशी, हे ऑर्किड माहीत आहे का?’ नऊ घरांतून नऊ वेळा ‘नाही बाई’. वहीत तसं लिहिलं आणि ‘स्थानिकांमध्ये जाणीव नाही’ असा शेराही मारला. तो शेरा आठवला की अजून कानाची पाळी गरम होते.

पुढच्या वर्षी मे संपता संपता त्यातल्याच एक मावशी स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी घेऊन बसलेल्या दिसल्या. शेवळाच्या चार जुड्या, शेजारी काकडांचा वाटा. भाव करता करता मी सहज म्हटलं, ‘पावसाच्या आधी आंब्यावरून जांभळा गजरा लोंबतो बघा, तो यंदा दिसला का?’ त्या हसल्या. म्हणाल्या, तो होय! विहिरीजवळच्या आंब्यावर असायचा, तौक्ते वादळात आंबा पडला. लहानपणी आम्ही केसांत माळायचो. आता वरच्या अंगाला एका ऐनावर आहे, पण तिथवर तुमच्यानं चढवणार नाही. आणि तुम्ही फोटोत दाखवलात तो कुंडीतला होता हो, तो कुणी बघितलाय?

त्यांचं खरं होतं. फोटो मी इंटरनेटवरून उतरवला होता, कुठल्याशा हरितगृहातला.

तेव्हापासून मी ‘माहीत आहे का’ असं विचारणं सोडलं. कधी फुलतं, कोणत्या झाडावर, कुठल्या वाटेनं, असं विचारते. उत्तरं येतात, आणि ती आमच्या वहीतल्या नोंदींपेक्षा अचूक निघतात. माणूस नाव ठेवतो ते उपयोगाला. शेवळाचं बघा. कोंब कोणता, लोत कोणती, खाज जायला काकडाचा आंबटपणा किती लागतो, हे वारली, कातकरी, मल्हार कोळी घरांत लेकीबाळींनाही ठाऊक असतं. टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी यांचंही तेच. आमरी खायला नाही, जाळायला नाही, बाजारात बसून विकायलाही नाही. तिला वेगळं नाव कुणी आणि कशाला ठेवावं? म्हणून ती कुणाच्या तोंडी बांडगूळ, कुणाच्या तोंडी गजरा, कुणासाठी नुसतं ‘ते फूल’. नाव नाही याचा अर्थ ओळख नाही असा होत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी जणांची नावं मला माहीत नाहीत, पण कोण किती वाजता दूध आणायला उतरतं ते सांगू शकते.

मग त्यांच्या मते आमरी कमी झाली आहे का? कशामुळे?

कमी झाली, असंच बहुतेक जण म्हणतात. पण कारण विचारलं की पिढीप्रमाणे उत्तर बदलतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

साठीपुढची माणसं जुनी झाडं मोजून दाखवतात. अमका आंबा, तमका मोह, नाल्याकाठचं जांभूळ. त्यांच्या बोलण्यात आमरी कमी होत नाही, झाड जातं आणि आमरी त्याच्याबरोबर जाते. शास्त्रही दुसरं काही सांगत नाही. आमरीला खडबडीत, मुरलेली साल लागते. ऐन, आंबा, फणस, जांभूळ तिला मानवतात. नीलगिरीसारखं साल सोलून टाकणारं झाड तिच्या कामाचं नाही. आणि खडबडीत साल यायला झाडाचं वय व्हावं लागतं. आज लावलेलं रोप आमरीला जागा देण्याजोगं होईल तेव्हा लावणारा म्हातारा झालेला असेल.

पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायका वाटांबद्दल बोलतात. जिथून पाणी आणायला जायचो तिथं कुंपण पडलं, जिथं गवत कापायचो तिथं राडारोडा टाकला, आता त्या बाजूला जाणंच होत नाही, मग आहे की नाही कोण सांगणार? हे फार प्रामाणिक उत्तर आहे. आमरीच संपली, की नुसतं माणसाचं तिथं जाणं संपलं, हे आपल्याला पाहणीच्या तक्त्यात वेगळं काढता येत नाही.

आणि तरणी पोरं? त्यातला एक पवईच्या एका टॉवरमध्ये माळीकाम करतो. लॉबीतल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या कुंड्यांना किती पाणी, किती सावली, सगळं त्याला पाठ आहे. त्याला ‘ऑर्किड’ हा शब्द माहीत आहे, त्याच्या आजीला नाही. घरामागच्या आंब्यावरच्या व्हँडाला मात्र तो बांडगूळ म्हणत होता. दोन्ही एकाच कुळातली, असं मी सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्याच्या साहेबाला त्याचा चुलतभाऊ म्हटलं होतं.

‘आमरी वाचवा’ म्हटल्यावर पाड्यात उत्साह का दिसत नाही?

त्यांनी ‘वाचवा’ हा शब्द आपल्याआधी आणि वेगळ्या सुरात ऐकलाय म्हणून. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सुरुवात झाली. तेव्हापासून जंगल वाचवण्याची भाषा कानावर आली की पाड्यातला पहिला प्रश्न असतो : म्हणजे आम्हाला हलवणार का? पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या माणसाला आपण इथलेच आहोत हे कागदानं सिद्ध करावं लागतं. २००६ चा वनहक्क कायदा आला, पण दावे, पुरावे, सुनावण्या हा फेरा ज्याचा तोच जाणे. घरात नळ नाही आणि दारात आम्ही फुलाचा फोटो घेऊन उभ्या. त्या चहा देतात हाच त्यांचा मोठेपणा.

एका काकांचं वाक्य मी विसरत नाही. ‘आम्ही शेवळं काढली की गार्ड शिट्टी मारतात. आंब्यावर यंत्र चालतं तेव्हा कोणाची शिट्टी वाजत नाही.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता दुसरी बाजू. या पट्ट्यात ठिकठिकाणी वाघोबाची ठाणी आहेत. शेंदूर लावलेला दगड किंवा कोरलेला वाघ, वर एखादं जुनं झाड. त्या झाडाला सहसा कुणी कोयता लावत नाही, वाळकी काटकीही तिथली उचलत नाहीत. कुणी आमरीसाठी हे केलेलं नाही, पण तशाच एका झाडावर मी व्हँडाचे तीन झुबके पाहिले आहेत. झाड देवाचं, आमरी भाडेकरू, आणि नियम मोडायची छाती कुणाची नाही. संरक्षणाची यापेक्षा स्वस्त तऱ्हा मला माहीत नाही.

आदिवासीच तर तोडून विकतात ना?

मुंबईत मी पाहिलेलं सांगते. पावसाच्या तोंडाशी घाटरस्त्याच्या कडेला आमरीचे उपटलेले झुबके घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांच्यापुढे थांबलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटही पाहिल्या आहेत. मागणी शहराची आहे. असा झुबका बाल्कनीत आणून टांगला की दोन-तीन महिने तग धरतो आणि मग मान टाकतो. उपटताना मुळं तुटलेली असतात. शिवाय तिला लागणारी रात्रीची ओल आणि मोकळी हवा आठव्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये मिळत नाही. मग आपण म्हणतो, माझा हात गुणाचा नाही. हाताचा दोष नव्हता, जागेचा होता.

औषधी आहे म्हणतात, त्यामुळे संपते आहे का?

मुंबईच्या रानात हे मुख्य कारण आहे असं मला दिसलं नाही. पण औषधाचं नातं जुनं आहे. व्हँडाची मुळं काही भागांत रास्ना म्हणून वापरतात. ‘रास्ना’ या नावाखाली देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात हा एक स्वतंत्र घोळ. आयुर्वेदाच्या अष्टवर्गातल्या आठ औषधींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार चक्क हिमालयातल्या आमरी मानल्या जातात. म्हणजे आपल्या घरातल्या च्यवनप्राशाच्या पारंपरिक पाठातही आमरी आहे. आणि व्हॅनिलाही ऑर्किडच, हे ऐकलं की मुलांचा रानातला कंटाळा पाच मिनिटं तरी पळतो.

झाड तोडलं तरी दुसरीकडे लावतात, पुनर्रोपणही करतात. मग नुकसान कसलं?

पुनर्रोपणाचं झाड ट्रकवर चढताना पाहिलंय का? आधी त्याच्या फांद्या उतरवतात, कारण पूर्ण डोलाऱ्यासकट ते हलवता येत नाही. आमरी असते फांद्यांवर आणि बेचक्यांत. खोड नव्या जागी जगलंच तरी वरचं बिऱ्हाड केव्हाच कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं.

कागदाची गंमत आणखी वेगळी. शहरातली झाडं १९७५ च्या झाडांच्या संरक्षण आणि जतन कायद्याखाली येतात. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष असा दर्जाही दिला. पण या कायद्याला झाड म्हणजे लाकडी वनस्पती. आमरीला लाकूड कुठलं? अर्जात जात येते, घेर येतो, उंची येते. वर कोण राहतं याला रकाना नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्या आकड्यात झाडं आहेत, झाडांवर काय होतं ते नाही.

आमरीवर कुणाचा राग आहे असं मला कधी दिसलं नाही. ती फक्त कुठल्याच फाइलमध्ये बसत नाही.

आमच्या ऑफिसनं जुलैमध्ये ओसाड माळावर पाचशे रोपं लावली. त्यानं आमरीला मदतच झाली असेल ना?

तुमचा हिरमोड करायची इच्छा नाही, पण बहुधा उलट झालं असेल.

जमिनीतल्या आमरीचं वर्ष असं असतं. जूनमध्ये कंदातून पानं येतात, जुलै ते सप्टेंबरच्या आगेमागे फुलं येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला वरचं सगळं वाळून जातं. पुढचे सहा-सात महिने ती जमिनीखाली झोपलेली असते. हॅबेनारियाला सहसा दोन कंद असतात. एक यंदाचं झाड उभं करता करता सुरकुततो, दुसरा पुढच्या वर्षासाठी भरत जातो. (या जोडकंदांवरूनच ग्रीकांनी ‘ऑर्किस’ हे नाव दिलं. त्याचा अर्थ घरच्या मंडळींसमोर विचारू नका.)

आता जागेची पाहणी कधी होते? मार्चमध्ये, ऊन रणरणत असताना. साहेब येतात, पिवळं गवत आणि कातळ बघतात आणि ‘ओसाड’ लिहून जातात. वृक्षारोपण कधी? वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १९५० पासून. म्हणजे हबे आमरी नेमकी वर आलेली असते त्याच दिवसांत तिथं दीड-दीड फुटांचे खड्डे पडतात. त्यातून रोपं जगली तर पाच-सात वर्षांत सावली धरते आणि गवताळ जागेवरची आमरी उन्हावाचून जाते. न जगली तर खड्डे आहेतच. मी स्वतः अशा मोहिमेत फावडं चालवलंय, टोपी घालून फोटोही काढलाय. त्या फोटोत माझ्या बुटाशेजारी दोन गोल पानं जमिनीला चिकटून बसलेली दिसतात. ती हॅबेनारिया होती हे मला चार वर्षांनी कळलं.

तिथं गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, श्रावणात इथं पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळनंतर वास सुटतो. वास रात्रीच का, तर त्यातल्या बऱ्याच जातींचं परागीकरण पतंग करतात. फुलामागे लांब नळी असते, तिच्या तळाशी मध, आणि पतंगाची सोंड तेवढीच लांब.

झाडं लावूच नका असं नाही. गवताळ कातळाला गवताळ कातळच राहू द्या, आणि तोडलेल्या रानाच्या जागी रान लावा.

वणव्यांचं काय?

फेब्रुवारी ते मे उद्यानाच्या आणि आरेच्या कडेला गवत पेटतं, बहुतेक वेळा माणसाच्या हातानं. गवत भराभर जळून गेलं तर जमिनीखालचे कंद पुष्कळदा वाचतात. खोडाच्या खालच्या भागावरच्या आमरी मात्र भाजून निघतात. वणवा विझवायला वनखात्याच्या बरोबरीनं धावतात ते पाड्यांतलेच लोक, झोडपायला ओल्या फांद्या घेऊन. पाड्यावर खापर फोडण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

कायदा काय म्हणतो?

राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, पडलेली फांदीसुद्धा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथं वनस्पतींनाही लागू आहे. पानं, कंद, शेंगा, ‘मी फक्त एकच घेतलं’, सगळं त्यात आलं. त्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी असलेल्या ऑर्किड, उदाहरणार्थ निळी व्हँडा, लाल व्हँडा आणि लेडीज स्लिपर, मुंबईच्या नाहीत. बाकीच्या आमरींना देशाबाहेरच्या व्यापारावर ‘साइट्स’ कराराचं बंधन आहे, त्यात अख्खं ऑर्किड कूळ येतं. आरेतली ८१२ एकर जमीन २०२०-२१ मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली. तिच्या बाहेरचा आंबा, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष, सोसायटीतला फणस यांच्यावरच्या आमरीला नाव घेऊन राखणारा कायदा नाही. तिथं शेजारीपाजारीच काय ते.

दादरच्या फूलबाजारातली ऑर्किड घेतली तर पाप लागेल का?

नाही. ती शेतात वाढवलेल्या संकरित डेंड्रोबियमची फुलं. खुशाल घ्या.

बिया गोळा करून आपणच रोपं करू या का?

एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात, पिठासारख्या. त्यामुळे हे सोपं वाटतं. पण त्या बीजवळ शिदोरीच नसते. भाताच्या किंवा वालाच्या दाण्यात कोंबासाठी अन्न भरलेलं असतं, आमरीची बी रिकाम्या हातानं निघते. सालीवर किंवा मातीत तिला ठरावीक बुरशी भेटली तरच ती रुजते, कारण सुरुवातीचं जेवण ती बुरशी पुरवते. लाखांतली एखादी जगते, आणि तिला फूल यायला पुढे कित्येक वर्षं. प्रयोगशाळेत अन्नद्रव्याच्या बाटलीत रोपं करता येतात, ते काम वनस्पतिशास्त्राच्या विभागांना करू दे. जुन्या झाडाची साल, तिच्यावरची बुरशी आणि शेवाळ कुंडीत भरून आणता येत नाही. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा जुन्या झाडापाशी येते.

आमच्या सोसायटीच्या आंब्यावर आमरी आहे आणि पुढच्या आठवड्यात छाटणीवाले येणार आहेत. काय करू?

हा फोन मला दर मे महिन्यात येतो, कारण पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि सीतेच्या वेणीचा बहर एकाच मुहूर्तावर पडतात. छाटणी थांबवायला धावू नका. वाळकी फांदी डोक्यात पडली तर आमरीचं नाव कायमचं बदनाम होईल. आधी सेक्रेटरीला खाली आणून फूल दाखवा. फूल असताना दाखवलं तर काम निम्मं होतं, नुसती पानं दाखवली तर ‘बांडगूळ आहे, काढून टाका’ हे ठरलेलं. मग ज्या फांदीवर आमरी आहे ती खरोखर धोक्याची आहे का, हे मुकादमाला विचारा. नसेल तर तेवढी फांदी सोडायला तो सहसा तयार होतो. सांगितलं नाही तर तो तरी कशाला थांबेल?

फांदी काढावीच लागली तर आमरी फांदीवरून सोलू नका. फांदीचा तेवढा तुकडा तसाच कापून घ्या आणि त्याच आवारातल्या दुसऱ्या खडबडीत सालीच्या झाडावर, साधारण तेवढ्याच उंचीवर आणि तेवढ्याच उन्हात बांधा. सुतळी चालते, तार नको, ती सालीत रुतते. माती घालू नका, शेणखत घालू नका. पाऊस सुरू होईपर्यंत संध्याकाळी पाणी शिंपडा. नवी मुळं सालीला धरली की सुतळी आपोआप कुजून गळते.

आणि बांधायला पाड्यातलं कुणी येत असेल तर त्यांनाच चढू द्या, मजुरी देऊन. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या फणसावर आम्ही तिघींनी शिडी लावून, यूट्यूब बघून एक झुबका बांधला होता. चौथ्या दिवशी तो उलटा लटकत होता. शेवळंवाल्या मावशींच्या भाच्यानं, हो, तोच टॉवरमधला माळी, वर जाऊन दहा मिनिटांत बेचक्यात बसवला. खाली उतरून म्हणाला, याला पाणी लॉबीतल्यापेक्षा कमी घाला.

फोटो टाकू का?

टाका, पण झाड कुठलं ते नको. नोंदींच्या ॲपवर ठिकाण धूसर करायची सोय असते, ती वापरा. इन्स्टाग्रामवर ‘बोरिवली, अमक्या पुलाच्या पुढे डावीकडे’ असं लिहून टाकलेल्या एका हबे आमरीच्या जागी पुढच्या रविवारी मला फक्त खुरप्यानं केलेला खड्डा मिळाला होता, कडेला दोन पानं टाकून दिलेली.